कॉम्प्युटरशेजारचं पान

"सर, वारा कुठून येतो ते तरी कळतं का तुमाला?"

सातपाटी बंदरावरच्या त्या खोलीत हशा पिकला. दाराआड हिराची मैत्रीण ठकी फिसकन हसली. सरांना असं विचारायची पैज तिनेच लावली होती. दहावीतली हिरा मात्र कमरेवर हात ठेवून उभी! इथलं शेंबडं पोरही वाऱ्याची दिशा सांगतं, आणि हे बोईसरचे भगवंत सर चार महिने कॉम्प्युटरला वारा शिकवत बसलेले.

सर चिडले नाहीत. "समुद्रात होडी बंद पडली तर वाहत कुठे जाईल, ते हा सांगणार. भरती-ओहोटी धरून, वाऱ्याचा रेटा धरून. वारा दुप्पट झाला तर रेटा चौपट. पण पडद्यावरच्या कुठल्या घरात काय भरायचं, ते कुणी नीट लिहूनच ठेवत नाही. मी लिहिलंय, पण माझं मराठी कच्चं. बघशील?"

कच्चं म्हणजे किती! हिराने लाल पेन्सिलने पानभर चुका सुधारल्या आणि सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं. सरांनी ते विश्वासाने तसंच पालघरहून छापून आणलं. यंत्र सांभाळणाऱ्या दामूकाकाने ते कॉम्प्युटरशेजारी भिंतीला डकवलं. आठवडाभर हिराचे पाय जमिनीला लागेनात.

नारळी पुनवेनंतर दक्षिणेचा वारा पिसाळला. बळवंतमामाच्या होडीचं इंजिन भर दर्यात बंद पडलं. सर बोईसरला. दामूकाकाने पान बघून आकडे भरले.

"दक्षिणेला, केळव्याकडं म्हनतंय."

"येडा झाला काय?" हिराचा बापूस नामदेव ओरडला. "दक्षिणेचा वारा, होडी उत्तरेला तारापुराकडं जानार!"

"ह्यो पान्याखालची ओढ बी धरतो, नामदेवा. ती तुला दिसते?"

सहा होड्या केळव्याकडे धावल्या. तिसऱ्या दिवशी मामाचं प्रेत तारापूरच्या खडकात सापडलं. माशांनी डोळे ठेवले नव्हते.

सर बंदरावर उतरले, तसा नामदेवने वल्हं हाणून त्यांचा हात मोडला. काडकन आवाज झाला. मग लाथा. हिरानेही दगड उचलला. "माझा मामा मारलास!" दगड डोळ्यावरच बसला.

दामूकाकाने भिंतीवरचं पान ओरबाडून आणलं. "ह्यात हाय तसंच भरलं मी! कोनी लिवलं हे? बोल!"

सरांनी उरलेल्या डोळ्याने पान वाचलं. परत वाचलं. गर्दीवरून नजर फिरवली. मग रक्त थुंकून म्हणाले, "मीच."

वल्हं पुन्हा वर गेलं.

संध्याकाळी नामदेव मोरीत हात धूत होता. पाणी लाल वाहत होतं. "इस्पितळात नेलाय. जगनार नाय."

"मरू दे," आई म्हणाली. "माझ्या भावाला खाल्लान त्याने."

हिराने दप्तरातून सरांच्या हातचं मूळ पान काढलं. लाल पेन्सिलच्या खुणांनी भरलेलं. दोघांपुढे धरलं.

"बाबा, आई, मी पोलिसांकडं जाते. 'वारा जिकडे जातो ती दिशा भरा', असंच सरांनी लिवलं होतं. त्यांना वाऱ्यातलं काय कळतंय, म्हनून 'जिकडून येतो' मी केलं."