गवतावर उतरताना

नवऱ्याने बनवलेलं रिमोटचं विमान त्याच्या पश्चात तिने पहिल्यांदाच उडवलं. शेजारी खुर्चीत सासरे होते. जन्मभर विमानं दुरुस्त केली, आता नजर गेली होती. सरावाचं जुनं विमान तिच्या हातून नेहमी आपटून उसळायचं. “वेगात उतरवतेस, आणि उसळलं की घाबरून नाक खाली दाबतेस,” ते आवाजावरून सांगायचे. “हे मोडलं तर?” उडवण्याआधी तिने विचारलं. “कपाटात ठेवून तरी काय करणार, पोरी?” बॅटरी संपत आली. तिने वेग कमी केला, जमीन वीतभर उरल्यावर नाक किंचित उचललं आणि श्वास रोखून तसंच धरलं. चाकं गवतावर टेकली. मोटारीची घरघर थांबली, पण आपटल्याचा आवाज आलाच नाही. सासरे धडपडत उठले. “कुठे पडलं गं?” त्यांना हाताला धरून तिने विमानापाशी नेलं, बोटं पंखावर ठेवली. “पडलं नाही, बाबा. उतरलं.”