गाडीसमोर बोलायचं नाही

चिपळूणच्या नझीर परकारने बॉनेट लावलं, गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात "एक नंबर आहे, ताई" म्हणाला आणि संजीवनीला दूर टायरच्या ढिगामागे नेलं.

"हेड गॅस्केट गेलंय. पाणी ऑइलमध्ये उतरतंय. घाटात दर वळणाला थांबा, थंड होऊ द्या, मग पाणी ओता. कराडपर्यंत नेईल. पण आत बसून याबद्दल एक शब्द काढू नका. हिने ऐकलं की कंपनीला कळवते आणि तुम्हाला घेऊन भंगारात निघते."

"आप्पांचं डायलिसिस दोनदा चुकलंय, भाई. आज कराडच्या दवाखान्यात नाही झालं तर जातील."

"म्हणून तर सांगतोय."

मागच्या सीटवर आप्पा सुजलेले पाय वर घेऊन बसले होते. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. गाडी निघाली तशी त्यांनी मान वळवून मागे बघितलं.

"काय म्हणाला मिस्त्री?"

"एक नंबर आहे म्हणाला."

"डोंबलाचा एक नंबर. पांढरा धूर सोडतेय ही."

"आप्पा, गप्प बसा."

"मला शिकवतेस? हेड गॅस्केट गेलंय हिचं."

दारांची कुलुपं लागली.

"माहितीबद्दल आभारी आहोत," गाडी गोड आवाजात म्हणाली. "ही गाडी प्रवासासाठी असुरक्षित आहे."

"बघ," आप्पा म्हणाले, "तिलासुद्धा पटलं."

संजीवनीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं, तरी ते उलट्या दिशेला फिरलं. कंपनीचं भंगारयार्ड पनवेलला होतं, कराडच्या दुप्पट लांब. तिथवर जायला मात्र हे इंजिन चालणार होतं.