समोरचा वारा

फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर एव्हर्ट पहिल्यांदाच सायकल बाहेर काढत होते. लेकीची, मार्लिसची अट होती, "समुद्रापर्यंत पोचलात तर सायकल तुमची. वाटेतून मोटारीत घालून आणावं लागलं, तर मी ती विकणार."

"खुशाल विक. गिऱ्हाईक मिळायचं नाही," एव्हर्ट म्हणाले.

सकाळची प्रार्थना आटोपून ते आणि पत्नी हेन्नी आपापल्या सायकलींवर नेदरलँड्समधल्या लायडनच्या कालव्याकाठाने निघाले. वारा समोरून होता.

दुपारी न राहवून मार्लिसने आईला फोन लावला. पलीकडून नुसती धाप ऐकू आली. तिने मोटारीची किल्ली उचलली.

"कशाला हट्ट केलात, आई! कुठल्या पुलापाशी आहात?"

"काटवाइकला पोचलो गं. समुद्र समोर आहे."

"आणि ही धाप? आधी बाबांना दे फोन."

"ते हेरिंग मासा घ्यायला रांगेत उभे आहेत, वर कांदा जास्त मागतायत," हेन्नी हळूच म्हणाल्या. "धाप माझी आहे. शेवटच्या वाळूच्या टेकडीवर माझे पाय गळाले, तेव्हा शेजारून सायकल चालवत, पाठीवर हात ठेवून, बाबांनीच मला वर ढकलत आणलं."