हरिबाचा तांब्या

दौंडजवळ जयसिंगआबांच्या ज्या वावरात हरिबा धनगराची मेंढरं दरसाल खतासाठी मुक्कामाला बसायची, तिथं आता बुलेट ट्रेनचं काचेचं स्टेशन उभं राहिलं होतं आणि भोवतीनं टॉवर उठत होते. उद्घाटनाला आबा फेटा बांधून मोठ्या साहेबांच्या शेजारी उभे असतानाच हरिबा कळप घेऊन थेट पार्किंगमध्ये शिरला. “आबा, औंदा मेंढरं कुठं बसवायची वो?” साहेबांनी नाकाला रुमाल लावला. “तुमच्या ओळखीचा आहे का?” फेट्याखाली आबांचे कान तापले. “न्हाई, असंल कुणी वाटसरू.” हरिबानं ते ऐकलं आणि मेंढरं वळवली. आबा संध्याकाळी घरी आले, तर ओट्यावर दरसालसारखा मेंढीच्या दुधाचा तांब्या झाकून ठेवलेला होता, अजून कोमट. सून म्हणाली, “हरिबामामा देऊन गेले. म्हणाले, आबा पाव्हण्यांत व्हते, मीच नको त्या येळंला गेलो.”