कल्हईवाल्याचा खुबा

"लेप किती उरलाय, तेवढं सांगा," जैनोद्दीनचाचा म्हणाले.

डॉक्टर अक्षदानं त्यांच्या खुब्याचे दोन एक्सरे पडद्यावर शेजारी शेजारी लावले होते. एक दहा वर्षांपूर्वीचा, ऑपरेशननंतरचा; दुसरा आजचा. चाचा काय विचारताहेत ते तिला कळलं नाही.

मग त्यांच्या बायकोनं, जमिलाबीनं सांगितलं. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, सिमेंट वापरणार नाही, खुब्यात बसवायच्या धातूलाच लेप दिलेला आहे. चाचांनी मुरुमच्या बाजारात चाळीस वर्षं भांड्यांना कल्हई केलेली. वापरलं की लेप झिजतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तेव्हापासून ते पावलं राखून चालत. मशिदीला रिक्षानं. लेक माकणी गावाला दिलेली, पण एसटी फाट्यावरच सोडते आणि तिथून तिचं घर लांब. दहा वर्षांत एकदाही गेले नव्हते.

"परसातनं काही आणायचं तरी मलाच धाडतात," जमिलाबी म्हणाली. "म्हणं, माझी कल्हई उडंल."

चाचा हसले नाहीत. परत ऑपरेशन करावं लागलं तर या वयात झेपेल का, हे विचारायचं धाडस ते सकाळपासून गोळा करत होते.

"चाचा, लेप आता जवळपास उरलेला नसणार," अक्षदा म्हणाली. "तो हळूहळू विरतोच."

चाचांनी खुर्चीचा हात धरला.

तिनं जुना एक्सरे मोठा केला. धातू आणि हाड यांच्यामध्ये केसाएवढी काळी फट होती. मग आजचा. फट कुठंच नव्हती. लेप हाडातल्याच क्षाराचा असतो, तिनं समजावलं. तो विरता विरता हाड पुढं सरकलं आणि त्यानं धातूला पकडलं. आता लेपाची गरजच नाही.

"मग फाट्यावरनं लेकीच्या घरापर्यंत चालू?"

"रोज चाला."

चाचांनी चष्मा चढवला. पडद्याजवळ जाऊन, भांड्याचा जोड तपासावा तसं अंगठ्याचं नख त्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं.

"लेप कुणी दिल्ता?"

कारखान्यात देतात, मशीननं, अक्षदा म्हणाली.

"मशीनीमागं माणूस असंलच की," चाचा म्हणाले. "त्याला कळवा, मुरुमच्या कल्हईवाल्यानं काम बघितलं. म्हणावं, हात चांगला हाय."