गोणपाटाचा वास

नाशिकच्या त्या छोट्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये वेटरने घोटभर वाइन चाखण्यासाठी गोरखच्या ग्लासात ओतली. मथुराबाईंनी ग्लास आपल्याकडे ओढला. "द्राक्षं माझ्या बागेतली. चव मी बघणार."

"अगं आई, तुला त्यातलं काय कळतंय?" गोरख हसला. बाग काढून तिथे लग्नाचं लॉन करायचं त्याने पक्कं केलं होतं. सही फक्त आईची राहिली होती. वीस वर्षं वेलींना जपलं, त्यांची वाइन एकदा चाखते आणि मग सांगते, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मथुराबाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "खराब आहे ही. भिजल्या गोणपाटाचा वास येतोय."

"मावशी, वाइनचा वास असाच असतो," वेटर म्हणाला.

"बाळा, फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत या द्राक्षांच्या वासात राहते मी. मालकीणबाईंना बोलव."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत."

मालकीणबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी ग्लास हुंगला, बूच हुंगलं आणि त्यांचा चेहरा पडला. "बुचाला बुरशी लागलीय, मावशी. लोक निमूट पितात, सांगत कुणीच नाही."

दुसरी बाटली उघडली. मथुराबाईंनी घोट जिभेवर थांबवला, डोळे मिटले. "ही माझी," त्या म्हणाल्या आणि ग्लास लेकाकडे सरकवला. गोरखने वास घेतला, घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला.

"आई, ऑक्टोबरच्या छाटणीला माणसं किती सांगू?"

"आठ सांग. नववा तू."