घामातलं मीठ

आजारपणात केस गळल्यावर बायकोने फोटोग्राफर नवऱ्याला बजावलं होतं, “फुलांचे, फुलपाखरांचे फोटो काढा, माझा मुळीच नको.” त्यानेही शब्द दिला. पावसाळा सरताना डोंगरमाथा रानफुलांनी भरून गेला, तशी ती वर्षभराने त्याच्यासोबत चढून आली. धापा टाकत बसताच तिने डोक्याचा रुमाल सोडला. नवरा पालथा पडून, निळ्या फुलावर कॅमेरा रोखून फुलपाखराची वाट बघत होता. ते आलं, पण तरंगत जाऊन अलगद तिच्या उघड्या डोक्यावर उतरलं. “हलू नकोस,” तो कुजबुजला, “घामातलं मीठ पितंय.” “इश्श! एवढी फुलं सोडून?” तिला हसू आवरेना. पंख सावकाश मिटत-उघडत होते. जणू देवच माथ्यावर हात फिरवत होता. त्याने कॅमेरा उचलला, पण शब्द आठवून खाली घेतला. मान न हलवता ती पुटपुटली, “अहो, बघत काय बसलात? काढा की, उडेल ना!”